साडूंचा एकट्याचा दिवस

एकटं भटकायला जाणारी माणसं जगात पुष्कळ असतील; पण आपल्याला एकटं जाता यावं म्हणून आठवडाभर आधीपासून दोन घरांना कामाला लावणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, म्हणजे बंद पडलेली यंत्रं चालू करायला, त्यांची उभी हयात गेली. मूळचे मराठवाड्यातले, त्यांच्या गावाकडे नजर जाईल तिथवर जमीन सपाट. तरुणपणी नोकरीसाठी इकडे आले तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा टेकडी पाहिली, आणि ताईंच्या शब्दांत सांगायचं तर, "मला बघायच्या आधी तिला बघितलं, म्हणून पहिला मान अजून तिचाच." तेव्हापासून दर वर्षी होळी होऊन गेली की पहिल्या गुरुवारी (त्यांच्या कारखान्याची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते) ते चाकणच्या मागच्या झाडीभरल्या टेकड्यांवर सकाळी चढत आणि दिवस कलताना पलीकडच्या रस्त्याला उतरत. बायको नको, पोरगी नको, मित्र नको, आणि मी तर नकोच नको. एकदा मी विचारलं, "भाऊ, इतक्या जवळ एवढे गड-किल्ले आहेत, तिकडे का जात नाही?" तर म्हणाले, "गड म्हंजे मोठी माणसं, पाव्हणं. त्यांच्याकडं रांग लावून जावं लागतंय. टेकडीला कोण इचारायलंय? कवाबी जा, घरातच बसलेली असती."

ते मला 'पाव्हणं' म्हणतात. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी त्यांच्या लेखी मी अजून पहिल्याच चहाला आलेला माणूस आहे. आमच्यात फरकही मोठा. त्यांचा दिवस उभ्याने जातो, माझा बसून. मी चिंचवडला राहतो आणि हिंजवडीच्या एका कंपनीत हिशेब बघतो. त्यामुळे आधी कॅबमध्ये बसतो, मग गर्दीत अडकलेल्या त्याच कॅबमध्ये आणखी बसतो, मग खुर्चीत बसतो आणि संध्याकाळी उलट्या क्रमाने पुन्हा बसतो. माझ्या गुडघ्यांना वाकण्याची सवय आहे, सरळ होण्याची नाही. त्यांनी एकदा माझा गुडघा तपासला होता. त्यांच्याकडे लांब दांडीचा एक स्क्रू ड्रायव्हर आहे. त्याचं टोक यंत्रावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की आतलं बेअरिंग कसं फिरतंय ते ऐकू येतं. कारखान्यात हे ठीक आहे. पण आमच्याकडे हळदीकुंकू चालू असताना, दारात बायकांची रांग असताना, त्यांनी तो आमच्या फ्रीजला लावला आणि सगळ्यांना हाताने गप्प बसायला सांगितलं. घर चिडीचूप. अत्तरदाणी हातात धरून माझी बायको पुतळा झाली. बऱ्याच वेळाने त्यांनी कान काढला आणि निकाल दिला, "दिवाळी बघत न्हाई ह्यो." त्यानंतर त्या फ्रीजने किती दिवाळ्या पाहिल्या याची मोजदाद आम्ही सोडून दिली आहे, पण ते दर वेळी ऐकतात आणि तितक्याच गांभीर्याने तेच सांगतात. माझ्या गुडघ्याबद्दलही त्यांनी दिवाळीच सांगितली होती.

त्यांची दुसरी सवय लाल कार्डाची. यंत्र दुरुस्त करताना मेंटेनन्सवाला त्याच्या बटणावर आपलं लाल कार्ड अडकवतो. त्यावर त्याचा फोटो असतो आणि लिहिलेलं असतं, 'माणूस काम करत आहे, चालू करू नका.' ज्याने कार्ड लावलं त्यानेच ते काढायचं, मग मालक येऊ दे की आणखी कोण. नियम चांगला आहे, त्याने जीव वाचतात. पण ऐन मे महिन्यात ते आमच्या हॉलचा पंखा बघायला आले, बटणावर कार्ड अडकवलं, स्टुलावर चढून थोडी खुडबूड केली, आणि तेवढ्यात कारखान्यातून फोन आला की लाइन बंद पडली आहे. ते निघून गेले ते दोन दिवस तिकडेच. मी कार्डाकडे हात नेला, तर बायको म्हणाली, "दाजींनी लावलंय, दाजीच काढतील. हात लावाल तर बघा." मी दोन रात्री गॅलरीत झोपलो, आणि आमच्या हॉलमध्ये साडूंचा पासपोर्ट फोटो निर्विकार चेहऱ्याने माझ्याकडे पाहत लटकत राहिला. तिसऱ्या दिवशी ते आले, कार्ड काढून खिशात घातलं, बटण दाबलं, आणि पंखा गरगरू लागला. "पंखा तर त्याच दिवशी झाला होता," ते म्हणाले. "कार्ड तेवढं काढायचं ऱ्हायलं होतं."

इतकी वर्षं टेकड्या तुडवणाऱ्या माणसाला झाडांची नावं पाठ असतील असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. त्यांना एकही येत नाही. पळस म्हणजे 'तांबडा', पांगारा म्हणजे 'दुसरा तांबडा' आणि काटेसावर म्हणजे 'काट्याचा तांबडा'. पक्ष्यांत चिमणी, मोठी चिमणी आणि कावळा अशा तीनच जाती. मला राहवलं नाही आणि त्यांच्या वाढदिवसाला मी झाडांचं एक जाडजूड सचित्र पुस्तक भेट दिलं. पुढच्या खेपेला बघतो तर ते मिक्सरखाली. "लई उपयोगी पुस्तक दिलंस," ते मनापासून म्हणाले. "पहिलं मिक्सर वट्ट्यावर नाचायचा. आता हालत न्हाई." मी वैतागून म्हटलं, "अहो, पण नावं कळली असती ना!" तर म्हणाले, "नाव कळलं की हाका माराव्या वाटतात. कशाला बिचाऱ्यांना त्रास?"

पण त्यांची सगळ्यात कडक सवय शिफ्ट देण्याची. कारखान्यात पाळी बदलते तेव्हा जाणारा माणूस येणाऱ्या माणसाला यंत्रापाशी उभं करून समोरासमोर सांगतो, काय चालू आहे, काय बिघडलंय, कशावर लक्ष ठेवायचं. ते घरातून बाहेर पडतानासुद्धा ताईंना तशीच शिफ्ट देत. "गॅस निम्म्याला आलाय. मोरीचा नळ ठिबकायलाय, बादली लावलीय. पोरगी परीक्षेनं तापलीय, उगं हात लावू नको." टेकडीच्या आदल्या दिवशी तर ही शिफ्ट तासभर चाले. पाण्याची बाटली रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवून गळती तपासली जाई. शेंगदाण्याची चटणी ताईंनी करायची, भाकरी सकाळी गरम बांधायची, आणि चिंचवडच्या मंडईतून संत्री मी आणून द्यायची. कारण तळवड्याला, जिथे ते राहतात, तिथली संत्री त्यांना 'लूज फिटिंगची' वाटत. एवढा सगळा लवाजमा हलवून सकाळी ते एकटे निघत, आणि दारातून वळून सांगत, "मला सोडायला कुणी येऊ नका."

गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात कारखान्यातच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "लाइन चोक झाली होती. आतून नळी टाकली. आता फ्लो ओके." डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलं होतं आणि चढ एकट्याने चढू नका म्हणून बजावलं होतं. यातलं पहिलं वाक्य त्यांनी ऐकलं नाही, कारण सपाटीवर चालणं त्यांच्या मते लहानपणीच करून झालं होतं. आणि दुसरंही ऐकलं नाही. होळी जवळ आली तशी बाटली पुन्हा वर्तमानपत्रावर उलटी झाली आणि ताईंचा मला फोन आला.

"भाऊजी, तुम्ही त्यांच्या मागं मागं जा. त्यांना कळू देऊ नका."

"मी?" मी म्हणालो. "ताई, मी जिना चढलो तरी शेजारी चौकशीला येतात."

"म्हणूनच. तुम्ही टेकडी चढाल अशी शंका त्यांना सात जन्मात यायची नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "त्यांना झेपत असलं तर मी अडवणार नाही हो. तो एक दिवस गेला तर माणूस कोमेजून जाईल. पण मला माहीत असू दे. तुम्ही डोळ्यांनी बघून या, तुम्ही सांगाल त्यावर मी ठरवीन."

म्हणजे साडूंचा तो दिवस राहणार की जाणार, हे माझ्या शब्दावर येऊन थांबलं. इतकं वजन माझ्या शब्दाला आमच्या घरातही नाही. मी ऑफिसात तब्येतीचं कारण सांगितलं (संध्याकाळपर्यंत ते खरंही झालं), काळा चष्मा आणि मुलाची टोपी चढवली, व्यायामशाळेत जायच्या इराद्याने कधीकाळी घेतलेले आणि त्या इराद्याबरोबरच कपाटात राहिलेले बूट बाहेर काढले, आणि स्कूटरवरून भल्या सकाळी टेकडीचा पायथा गाठला.

ते पुढे, मी मागे. फाल्गुन संपत आला होता. खालच्या उतारावर फॉरेस्टने लावलेल्या गिरिपुष्पाला फिकट गुलाबी बहर होता, वर तिन्ही तांबडे पेटले होते. सागाचे मात्र नुसते खराटे झाले होते आणि त्यांची वाळलेली पानं वाटेवर भाजलेल्या पापडांसारखी पसरली होती. हेरगिरीला याहून वाईट जमीन शोधून सापडणार नाही. मी पाऊल टाकलं की टेकडीभर कडाडकुडूम होई. ते थांबले की मी झटकन करवंदीच्या जाळीत शिरत होतो आणि काट्यांसकट बाहेर येत होतो. पण त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. पहिली टेकडी निम्मी होईपर्यंत माझी खात्री झाली होती की मी हिंजवडीत हिशेब बघण्यात आयुष्य फुकट घालवलं, माझी जागा पोलीस खात्यात होती. तिच्या वरच्या चढावर माझ्या उजव्या बुटाचा तळवा सुटला. वर्षानुवर्षं कपाटात राहून डिंक वाळला होता. चार पावलांवर डावाही सुटला. दोन तळवे दोन हातांत धरून मी पालापाचोळ्यात बसलो आणि पुढे काय करावं याचा विचार करू लागलो.

वरून, मागे न वळता, आवाज आला. "पाव्हणं, तार देऊ का?"

ते उतरून आले, खिशातून बारीक तारेचं भेंडोळं काढलं आणि माझे बूट तळव्यांसकट असे आवळले की पुढे घरी ते कापून काढावे लागले.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"सागाच्या पाल्यात म्हैस शिरली की कळतंयच की."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर एकटा कसा ऱ्हायलो असतो?" असं म्हणून त्यांनी तार दाताने तोडली.

आता चोरी उघडी पडलीच होती, म्हणून आम्ही एका तांबड्याखाली बसलो. त्यांनी अर्धी भाकरी मला दिली. इतक्या वर्षांत त्या भाकरीत कुणाला वाटा मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं. खाली कारखान्यांची निळी-पांढरी छपरं पसरली होती आणि एका मोठ्या आवारात नव्याकोऱ्या गाड्या वाळत घातल्यासारख्या ओळीने चमकत होत्या. एका भोंग्याचा आवाज इथवर येईतो पातळ झाला होता. मी न विचारताच ते बोलू लागले. "वर्सभर लोक मला हाका मारत्यात. भाऊ या, बंद पडलं. भाऊ, आवाज यायलाय. घरीबी तेच, तुझ्याकडंबी तेच. चालू असलेल्या मशीनवर कुणी मेंटेनन्सवाल्याला बोलवत न्हाई. मी सगळं जग बंद पडलेलंच बघितलंय बघ. हितं आलं की काहीच बंद न्हाई. सगळं आपलं आपलं चालू हाय. कुणी मला बोलवत न्हाई." मग "लई बरं वाटतंय," म्हणाले.

माझ्या मनात तेव्हाच ठरलं होतं, की ताईंना सांगायचं, ठणठणीत आहेत, जाऊ द्या त्यांना.

पण पुढचा चढ आला. मधल्या खिंडीपासून वर जाणारी ती वाट उभीच आहे. थोडं चढून ते खाली बसले, म्हणाले, "हितनं कारखाना बघ कसा दिसतो." आणखी थोडं चढून पुन्हा बसले, म्हणाले, "तुझी तार बघू दे, ढिली झाली का." त्यानंतर बसले तेव्हा काहीच म्हणाले नाहीत. ओठ पांढरे पडले होते, कपाळ ओलं झालं होतं आणि तळहात छातीवर होता. मी मोबाइल काढला, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं, खिशातून गोळी काढून जिभेखाली धरली आणि डोळे मिटले. आयुष्यात मी इतका वेळ उभा राहिलेलो नाही. माझ्या तोंडून सतत काहीतरी विनोद बाहेर पडत असतो अशी माझी ख्याती आहे. तिथे मी त्यांच्या बाटलीचं झाकण नुसतं काढत आणि लावत राहिलो. झाडावर एक मोठी चिमणी ओरडत होती, ती तेवढी ओरडत राहिली.

हळूहळू रंग परत आला. डोळे उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी काय सांगणार हाईस?"

"सांगतो की ठणठणीत आहेत. भाकरी खाल्ली, गप्पा मारल्या."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांना मी त्याआधी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "ठणठणीत?" ते म्हणाले. "आमच्यात एक जण हुता. घरी जायची घाई. प्रेसमशीन मधीच आपोआप खाली यायली हुती, त्याला म्हाईत हुतं. शिफ्ट देताना म्हणला, ओके हाय. पुढच्या पाळीचा माणूस हात घालून बसला. तो हात मी सोडवलाय मशीनमधून, पाव्हणं. माझ्या ह्या हातानं." त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "तू खोटं सांगणार, ती इस्वास ठिवणार, आन् पुढच्या वर्षी मी हितं एकटा पडून ऱ्हाणार. मग तिनं जलमभर काय करायचं? शिफ्ट देताना खोटं बोलायचं न्हाई. जे बघितलंस ते सांग. गोळीचंबी सांग."

"पण मग तुमचं हे बंद होईल, भाऊ."

"व्हईल," ते म्हणाले, आणि उठून कपडे झटकले. त्या दिवशी ते पलीकडच्या रस्त्याला उतरले नाहीत. आम्ही आलो त्याच वाटेने परत फिरलो.

तळवड्याला पोचल्यावर मी ताईंना स्वयंपाकघराच्या दारात उभं करून सगळं सांगितलं. बसले ते सांगितलं, कसं कसं बसले ते सांगितलं, गोळीचं सांगितलं. ताई ओट्याला टेकून ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बघून आलात." हॉलमधून साडूंनी विचारलं, "गोळीचं सांगितलं का त्यानं?" ताई म्हणाल्या, "सांगितलं." मी चहा न घेता निघालो, आणि स्कूटरवर बसल्यावर लक्षात आलं की आज प्रथमच त्या घरातून मी चहा न घेता निघालो आहे आणि कुणाच्या ध्यानातही आलेलं नाही.

यंदा होळीला त्यांच्याकडे बाटली उलटी झाली नाही. मला संत्र्यांचा निरोप आला नाही. मीही विषय काढला नाही. पण बुधवारी संध्याकाळी फोन वाजला. "पाव्हणं, उद्या मोकळा हाईस का?"

मी नवे बूट घातले. ताईंनी भाकऱ्या दोघांच्या बांधल्या. पहिली टेकडी आम्ही फार सावकाश चढलो, आणि मधल्या खिंडीत, जिथून पुढचा उभा चढ सुरू होतो, तिथे एका तांबड्याच्या बुंध्याशी त्यांनी बैठक मारली.

"जा तू," ते म्हणाले.

"कुठे?"

"पुढं. दोन टेकड्या ऱ्हायल्या. जाऊन ये."

"एकटा?"

"मग काय, वरात काढायची?" त्यांनी हात पुढे केला. "मोबाइल ठिव हितं. न्हाईतर कुणीतरी हाक मारतंय."

"आणि तुम्ही इथे एकटेच बसणार?"

"मी हितं एकटाच येत असतो," ते म्हणाले.

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि निघालो. पहिली काही पावलं मला कुणीतरी हाक मारेल असंच वाटत होतं. कुणी मारली नाही. चढ मला झेपला असं म्हणवत नाही. दोन वेळा मी हातापायांवर चाललो आणि एकदा एका झुडपाची क्षमा मागितली. पण धाप कमी झाल्यावर लक्षात आलं की आजूबाजूला सगळं चालू आहे. पानं गळत होती, मुंग्या त्यांच्या वाटेने चालल्या होत्या, कुठेतरी कुणीतरी टकटक लाकूड टोचत होतं. माझ्यावाचून कुणाचंच अडलं नव्हतं. या गोष्टीचं एरवी मला वाईट वाटलं असतं.

वरच्या टोकाला पोचलो तेव्हा ऊन पार डोक्यावर आलं होतं. मी मोठ्या अभिमानाने वळलो. म्हटलं, ते बघत असतील, आपण दिसतोय तोवर हात हलवावा. खाली खिंडीतलं ते झाड ओळखू आलं, आणि त्याच्या बुंध्याशी त्यांचा पांढरा सदरा दिसला. डोळ्यांवर हाताची सावली धरून मी नीट पाहिलं. ते टेकडीकडे पाठ करून बसले होते. सगळी टेकडी, सगळी वाट, आणि वाटेवरचा मी, यांतलं काहीएक दिसू नये असे, मुद्दाम पलीकडे तोंड करून.

मी वर केलेला हात खाली घेतला आणि पुढच्या टेकडीकडे चालू लागलो.